भाऊसाहेबांची ओवाळणी

भाऊसाहेब देशमुखांच्या अंगावरच्या कपड्याचं कौतुक करायची सोय नव्हती. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, एकदा सहज म्हणाला, "भाऊसाहेब, स्वेटर झकास आहे हं." झालं! चार दिवसांनी तो स्वेटर धुऊन, घडी घालून आमच्या दारात हजर. भाऊसाहेब सहा फुटी आणि आमचा श्रीकांत बेताचाच. स्वेटर त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा. आम्ही परत द्यायला गेलो, तर थोबाडीत मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "घरातून गेलेली वस्तू पुन्हा घरात येत नसते," म्हणाले. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी मागे उभ्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "माझा कुकर असाच गेला."

आम्ही टेक्ससमधल्या प्लेनोला आलो ते ऐंशी सालाच्या आसपास. तेव्हा तिथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या सगळ्या घरांचे आपोआप झालेले वडीलधारे म्हणजे भाऊसाहेब. अमरावतीकडचे. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते, पण बोलणं ऐकलं तर वाटावं, गावची वतनदारी सोडून आजच विमानातून उतरलेत. नवीन कुटुंब येणार म्हटलं की हे एअरपोर्टवर उभे, गाडीत ब्लँकेटं आणि तांदळाची पिशवी. हॉटेलात बिल आलं की वेटरच्या हातातून हिसकावून घ्यायचे. मला मेलीला आधी हे सगळं फार थोर वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं, की हा माणूस कुणाकडून काही म्हणजे काही घेत नाही. जेवायला आले तर येताना पेढ्यांचा डबा घेऊन येणार, आणि पानात दुसऱ्यांदा वाढून घेणार नाहीत. बरं, दिलेलं विसरायचे म्हणाल तर तेही नाही. "श्रीकांतला पहिली गाडी मी घेऊन दिली," हे वाक्य मी प्रत्येक गणपतीत ऐकलंय. गाडी श्रीकांतच्याच पैशांची होती. भाऊसाहेब फक्त दुकानात बरोबर आले होते.

त्यांनी ज्यांना ज्यांना काही दिलं, त्या सगळ्यांत वरचा नंबर कुसुमचा. कुसुम त्यांची धाकटी बहीण. अमरावतीला शाळेत गणित शिकवायची. भाऊसाहेबांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, प्रभाकरला, स्पॉन्सर करून इकडे आणलं. इथे ती एका बँकेच्या मागच्या खोलीत दिवसभर चेक तपासत बसायची, आणि तिकडे हेडक्लार्क असलेला प्रभाकर मोटेलच्या काउंटरवर उभा राहायचा. जवळच्याच गार्लंडला दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं त्यांचं. कुसुम बोलायची कमी. पण आमच्या मुलांच्या गणिताच्या वह्या घेऊन बसली की तासन्‌तास उठायची नाही.

भाऊसाहेब तिची एक गोष्ट नेहमी सांगायचे. "बाबूजी गेले. शेताचा, घराचा प्रश्न आला. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही लागते. मी कागद समोर ठेवला. कुसुमनं विचारलंसुद्धा नाही, कशाचा आहे म्हणून. सही केली आणि उठून चहा टाकायला गेली. बहीण असावी तर अशी, बाप्पा!" सगळे वा वा म्हणायचे. कुसुम खाली मान घालून भात कालवत बसायची. मला काही राहवत नाही. मी एकदा विचारलंच, "आणि तिला काय मिळालं हो?" भाऊसाहेब चकित झाले. "म्हणजे काय? साडीचोळी केली ना! चांगली पैठणी घेतली."

पुढे त्यांना जमीन घ्यायची उबळ आली. प्लेनोतलं त्यांचं घर चांगलं चार बेडरूमचं होतं, पण ते म्हणायचे, "हे काय घर आहे? इथली माती बिल्डरची, गवत बिल्डरचं. पायाखाली आपली जमीन पाहिजे." टेक्ससमध्ये जमिनीला दोन मजले असतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. वरची जमीन एकाची आणि खाली तेल, गॅस, जे काही असेल ते दुसऱ्याचं, असं इथे बिनदिक्कत चालतं. लोक घर विकतात आणि खालचे हक्क, मिनरल राइट्स, स्वतःकडे ठेवून घेतात. त्यातून खालचा मालक वरच्याहून भारी. त्यानं खोदायचं ठरवलं तर वरच्यानं मुकाट बघत बसायचं. हे ऐकून भाऊसाहेबांची झोप उडाली. "म्हणजे कोणीही सोम्यागोम्या येऊन माझं अंगण खोदणार? मग ती जमीन कसली? नुसती चटई झाली!"

घरं दाखवणाऱ्या त्या बिचाऱ्या एजंट बाईचा त्यांनी पिट्टा पाडला. ती गाडी थांबवायची आणि हे उतरायच्या आधी विचारायचे, "मिनरल राइट्स इन्क्लूडेड?" नाही म्हटलं की पाय जमिनीला लावायचे नाहीत. दीडेक वर्ष हे चाललं. शेवटी पूर्वेकडे, प्लेनोहून दीड तासावर, एका म्हाताऱ्या विधवेचं घर मिळालं. पांढरं लाकडी घर, पुढे रुंद पोर्च, मागे पेकानची, म्हणजे इकडच्या अक्रोडाची झाडं, तीसेक एकर, पाण्याची स्वतःची विहीर आणि मिनरल राइट्स सगळेच्या सगळे. वहिनींना जायचं नव्हतं. "तिथे मी बोलू कुणाशी, गाईंशी?" म्हणाल्या. पण त्यांना विचारतंय कोण! गेल्या. आणि वर्षाच्या आत पेकानच्या पलीकडे त्यांनी असा मळा फुलवला, की आम्ही बघतच राहिलो. अंबाडी, गवार, मेथी, भिवापुरी मिरच्या. कुसुम शनिवारी जाऊन त्यांच्याबरोबर वाफे करायची. आम्ही प्लेनोकर रिकाम्या पिशव्या घेऊन जायचो आणि भरून आणायचो. शालिनीवहिनींना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा त्या मळ्यात बघितलं.

भाऊसाहेब कामावरून आले की बूट काढून, अनवाणी, हद्दीवरून एक चक्कर मारायचे. मेस्क्वीटच्या काटेरी झाडांना ते 'आपली बाभूळ' म्हणायचे. पायात काटे मोडायचे, ते वहिनी सुईनं काढत बसायच्या आणि हे वर तोंड करून आम्हाला सांगायचे, "स्वतःच्या जमिनीचा काटा बोचत नाही बरं!"

दुसऱ्या वर्षीची भाऊबीज सगळ्यांनी त्या घरी केली. कुसुमनं ओवाळलं. भाऊसाहेबांनी खिशात हात घातला, तसाच रिकामा बाहेर काढला आणि पाटावरून उभे राहिले. त्यांना भाषण करायचं असलं की घसा खाकरायचे, तसा खाकरला. "कुसुम, ह्या जमिनीच्या खाली जे काही असेल ते आजपासून तुझं. तिकडचं तू मला सोडलंस. इकडचं पाताळापर्यंत तुझं."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग टाळ्या! कुसुमच्या हातातलं तबक कलंडायला आलं, ते वहिनींनी पटकन धरलं. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. ज्याच्यासाठी हा माणूस दीड वर्ष वणवण हिंडला, तेच उचलून त्यानं बहिणीच्या तबकात टाकलं. याला मन लागतं. प्रभाकर तेवढ्यात म्हणाला, "कागद करायचा ना, भाऊसाहेब?" सगळे हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. "शब्द देशमुखाचा आहे. पण कागदही होईल," म्हणाले.

कागद करायला त्यांनी श्रीकांतला बरोबर नेलं. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हरकत नाही, मात्र त्यात एक ओळ घालू. बहिणीला किंवा तिच्या वतीनं कुणाला वरची जमीन वापरता येणार नाही. खोदायचंच झालं तर शेजारच्या जमिनीतून तिरकं खोदावं. घर वाचवायला ही ओळ सगळेच घालतात. भाऊसाहेब असे भडकले म्हणता! श्रीकांतनं घरी येऊन साग्रसंगीत नक्कल केली. "ओवाळणी घालून राहिलो मी, आणि तबकात अटी ठेवू? बहिणीला सांगू, घे बाई, पण हात लावू नको?" श्रीकांत म्हणाला, "भाऊसाहेब, एक तर ओळ आहे." "एक असो का अर्धी! कुसुम काय माझं अंगण खोदायला येणार आहे?" वकिलानं ती ओळ न घालता कागद केला. त्याचं काय जातंय?

दोन वर्षं गेली. शेजारच्या काउंटीत कुणाच्या तरी कुरणात तेल लागलं आणि सगळा भाग पिसाळल्यासारखा झाला. तेलकंपन्यांची माणसं, लँडमन म्हणतात त्यांना, खोदायच्या भाडेपट्ट्याचे, लीजचे कागद घेऊन दारोदार हिंडायला लागली. त्यातला एक भाऊसाहेबांकडे आला. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. भाऊसाहेबांनी त्याला पोर्चवर बसवलं, चहा दिला, वहिनींचा चिवडा दिला, बाभूळ दाखवली आणि मग मोठ्या ऐटीत 'नो' म्हणाले. त्या गड्यानं बशीतला चिवडा शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवला, हॅट उचलली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सर, मला तुमची सही नकोच आहे. मिसेस कुसुम वानखडे कुठे राहतात, तेवढं सांगा."

त्या दिवसापासून शालिनीवहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. मळा, विहीर, घर, सगळं कुसुमच्या एका सहीवर. त्यांचा मुलगा अजित तेव्हा मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकत होता. त्यानं फोनवर एका वाक्यात निकाल दिला, "डॅड, जस्ट आस्क हर. शी विल से येस." भाऊसाहेबांनी फोन वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "याला सांग, आपल्याकडे भाऊ बहिणीकडे मागत नसतो."

कुसुमच्या अपार्टमेंटवर जायला ते तयार नव्हते. तिच्या दारात जायचं म्हणजे मागायला गेल्यासारखं होतं ना! तिला आपल्या घरी बोलवावं तर प्रभाकर येईना. शेवटी रविवारी सगळे आमच्याकडे जमले. मी पोहे केले होते. तेही कुणी धड खाल्ले नाहीत.

भाऊसाहेब बसल्याबसल्या म्हणाले, "कुसुम, त्या लीजवर सही करायची नाही."

"काहून?" कुसुमनं विचारलं.

"काहून म्हणजे? माझं घर आहे तिथे. तुझ्या वहिनीचा मळा आहे."

"मला माहीत आहे. त्या मिरच्या मीच लावल्या वहिनीसोबत." तिनं बशी खाली ठेवली. मग भावाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दादा, तू मला विचारून राहिला का सांगून राहिला?"

प्रभाकरचा चमचा हातातच राहिला. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा हो, 'विचारतो' म्हणा! काय झिजणार आहे तुमचं? भाऊसाहेबांचे ओठ हललेसुद्धा. पण बाहेर आलं ते भलतंच.

"तुला या देशात मी आणलं, कुसुम."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. कुसुम उठली, बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिनं नळ सोडला आणि त्या आवाजाखाली रडून घेतलं. म्हणाली, "प्रभाकरला पैसे दिसतात. मला नाही हो दिसत. दादा नुसतं 'नको ग कुसुम' म्हणाला असता ना, तर इथे तुमच्यासमोर फाडला असता मी कागद. तिकडेही विचारलं नव्हतं. माहीत आहे तुम्हाला? मी सही करायच्या आधीच दादानं पैठणी आणून ठेवली होती. कपाटात दिसली होती मला."

"मग हेच जाऊन सांग की त्यांना," मी म्हटलं.

"नाही. आता नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं, नळ नीट बंद केला. त्याच आठवड्यात तिनं सही केली.

लोकांनी कुसुमला काय काय नावं ठेवली! आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका तिच्यासमोर एकमेकींना कोपर मारायच्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, ओवाळणी घेऊन भावावरच उलटली, असं काय वाटेल ते. ह्यातल्या निम्म्या बायकांनी स्वतः माहेरच्या कागदांवर न वाचता सह्या केलेल्या होत्या, आणि तेच त्यांना झोंबत होतं, असं माझं मत आहे. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि पुढची दोन वर्षं मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. न का येईना! पण मला जास्त संताप यायचा तो निराळ्याच गोष्टीचा. भावानं दिलं, बहिणीनं घेतलं, दोघांनी आपापला मान राखला. आणि नांगर फिरला कुणावर? जिला कुणी काही दिलं नव्हतं आणि जिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं, तिच्यावर, शालिनीवहिनींवर.

बुलडोझर आला तो पेकानच्या झाडांतून सरळ मळ्यात. तिथली जागा सपाट होती, म्हणून खोदायच्या लोखंडी मनोऱ्याला, रिगला, सोयीची. घराच्या इतकी जवळ, की स्वयंपाकघरातली भांडी दिवसरात्र किणकिणायची. विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. आम्ही प्लेनोहून जाताना आता रिकाम्या पिशव्यांऐवजी पाण्याचे कॅन न्यायचो. भाऊसाहेबांनी हद्दीवरून फिरणं सोडलं. वहिनींनी अंबाडी कुठेही, कुंडीतसुद्धा, पुन्हा लावली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. खाली फारसं काही निघालंच नाही. जरासा गॅस आणि उदंड खारं पाणी. त्यात तेलाचे भाव गडगडले, कंपनी बुडाली आणि माणसं लोखंड, चिखल, खड्डा तसाच टाकून निघून गेली. कुसुमला सही करताना जे पैसे मिळाले होते, त्यात थोडी भर घालून तिनं आणि प्रभाकरनं प्लेनोत लहानसं घर घेतलं. भाऊसाहेबांचं घर कुणी घेईना. शेवटी मातीमोलानं विकून ते मिशिगनला मुलाजवळ गेले. भाऊसाहेब तिथेच वारले, असं ऐकलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते रिग चालू असतानाचे. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

वहिनी आवाजाला कंटाळून हिवाळाभर अजितकडे जायला निघाल्या होत्या. त्यांचं सामान आणायला आम्ही गेलो. कुसुम आमच्याच गाडीतून आली. तिला वहिनींना भेटायचं होतं. बहीणभावांचं बोलणं त्या रविवारपासून बंद होतं. वहिनींनी दार उघडलं, कुसुमला बघितलं. रागावल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. म्हणाल्या, "आलीस? जा, बघून ये एकदा, तुझं काय चाललंय ते."

कुसुम मागच्या बाजूला गेली. मी वहिनींची ट्रंक गाडीत ठेवायला बाहेर आले होते, तिथून मला सगळं दिसत होतं, आणि यंत्र तेवढ्यापुरतं थांबलेलं असल्यानं ऐकूही येत होतं. रिगच्या भोवती दोरी बांधलेली होती आणि भाऊसाहेब त्या दोरीपाशी हात मागे बांधून उभे होते. रोजच उभे राहत, असं वहिनी म्हणाल्या. दोरीच्या आत एक तांबड्या केसांचा तरुण पोरगा होता. कुसुमला बघून त्यानं हात वर केला. तिनं नाव सांगितलं. त्याचा चेहराच बदलला. "ओ, यू आर द मिनरल ओनर! कम ऑन इन, मॅम." त्यानं तिला पिवळं हेल्मेट दिलं आणि दोरी वर उचलून धरली. कुसुम आत गेली. भाऊसाहेबांनीही पाऊल उचललं. पोरानं दोरी खाली सोडली.

"नॉट यू, सर."

"धिस इज माय लँड," भाऊसाहेब म्हणाले.

"आय नो, सर. बट आय कान्ट लेट यू इन."

कुसुम थांबली. तिला पुढे निघून जाता आलं असतं. ती मागे वळून आली आणि त्या पोराला म्हणाली, "ही इज विथ मी."

त्यानं आणखी एक हेल्मेट आणलं. मला वाटलं, आता भाऊसाहेब ते फेकून देतील, चिडतील, निदान पाठ तरी फिरवतील. मी देवाला म्हणत होते, चिडू दे रे त्यांना. पण त्यांनी हेल्मेट घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि दोरीखालून वाकून आत गेले. आत नुसता चिखल होता आणि त्यावर एक फळी टाकलेली. कुसुम ती फळी आधी पार करून गेली आणि पलीकडून तिनं हात पुढे केला. भाऊसाहेब त्या हाताकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो धरला. पलीकडे पोचल्यावर सोडला, आणि ऑफिसात कुणी परकी बाई दार धरून उभी राहिली तर म्हणावं, तसं स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "थँक यू."

कुसुमचा हात तसाच पुढे राहिला होता. सख्ख्या बहिणीला कुणी थँक यू म्हणतं का हो?